एक खून, अनेक जबान्या

भररस्त्यात अपघात झाला की पंचनाम्याला आलेल्या हवालदारापुढे चार साक्षीदार उभे राहतात आणि चार जबान्या नोंदल्या जातात. प्रसंग एक, जागा एक, वेळही एकच. तरी एकाच्या मते ट्रक भरधाव होता, दुसऱ्याच्या मते मोटारसायकलवाला आडवा आला. तिसऱ्याने फक्त आवाज ऐकलेला असतो, पण पुढचे सगळे त्याला डोळ्यांदेखत घडल्यासारखे आठवते. यांतले कोणी मुद्दाम खोटे बोलत असेल असेही नाही. मग खरे कोणाचे धरायचे?

आकिरा कुरोसावा यांनी १९५० साली याच कोड्यावर ‘राशोमोन’ हा जपानी चित्रपट उभा केला. त्यापासून स्फूर्ती घेतलेला ‘अंद नाळ’, म्हणजे ‘तो दिवस’, हा तमिळ चित्रपट १३ एप्रिल १९५४ रोजी झळकला. दिग्दर्शक पुढे जगभर नावाजलेला वीणावादक, मुख्य नट तंजावर भागातल्या घराण्यातला, आणि चित्रपटात गाणे मात्र एकही नाही. जाणकारांनी तो वाखाणला, सरकारी सन्मानही त्याला मिळाला, पण तिकीटबारीवर तो चालला नाही.

खुनाचे रहस्य, गाजत असलेला नट आणि एव्हीएमसारखी मोठी निर्मितीसंस्था एवढे सगळे असताना प्रेक्षकाने पाठ का फिरवली, याचे उत्तर दोन ठिकाणी शोधावे लागते. असा चित्रपट प्रेक्षकाकडून कोणते काम करून घेतो, हे एक. आणि तो प्रेक्षक कशावर पोसला गेला होता, हे दुसरे. दुसऱ्या शोधाची वाट तंजावरच्या मराठी दरबारापर्यंत जाते.

रानातला मृतदेह

‘राशोमोन’ची कथा र्युनोसुके आकुतागावा या जपानी लेखकाच्या दोन लघुकथांवर बेतलेली आहे. खुनाचा प्रसंग १९२२ सालच्या कथेतून घेतला आहे. मोडकळीला आलेली वेस आणि चित्रपटाचे नाव १९१५ सालच्या ‘राशोमोन’ या कथेतले. शिनोबू हाशिमोतो आणि कुरोसावा यांनी मिळून पटकथा लिहिली.

काळ बाराव्या शतकाच्या आसपासचा. धो धो पावसात क्योतोच्या पडक्या वेशीखाली तिघे जण अडकले आहेत: एक लाकूडतोड्या, एक भिक्षू आणि एक वाटसरू. पहिले दोघे नुकतेच चौकशीत साक्ष देऊन आले आहेत आणि तिथे ऐकलेल्या जबान्यांनी हादरून गेले आहेत. रानात एका सामुराईचा मृतदेह सापडला. त्याच्या पत्नीवर दरोडेखोराने बळजबरी केली, इथवर सगळ्यांचे एकमत आहे. त्यानंतर सामुराई कसा मेला, हा प्रश्न.

दरोडेखोर ताजोमारू सांगतो की त्यानेच सामुराईला समोरासमोरच्या झुंजीत मारले. तेवीस वेळा तलवारीला तलवार भिडली. पत्नीच्या सांगण्याप्रमाणे नवऱ्याच्या डोळ्यांतला तिरस्कार तिला सोसवला नाही, हातात कट्यार असताना तिची शुद्ध हरपली आणि भानावर आली तेव्हा ती कट्यार नवऱ्याच्या छातीत होती. मृत सामुराई एका देवऋषिणीच्या तोंडून बोलतो: अपमान सहन न झाल्याने त्याने स्वतःच कट्यार भोसकून घेतली.

या तीन जबान्यांत एक विलक्षण गोष्ट आहे. आरोपी सहसा गुन्हा नाकारतो. इथे तिघेही मृत्यूची जबाबदारी आपल्याकडे घेतात. फाशी किंवा बदनामी यांपेक्षा त्यांना स्वतःची प्रतिमा मोलाची वाटते. दरोडेखोराला शूर ठरायचे आहे, पत्नीला निष्पाप, सामुराईला मानी. शेवटी लाकूडतोड्या कबूल करतो की त्याने सगळे लपून पाहिले होते. त्याच्या हकिकतीत कोणीच थोर नाही. पण त्या जागची मौल्यवान कट्यार गायब झालेली असते आणि संशयाची सुई त्याच्याचकडे वळते. म्हणजे जो तटस्थ वाटला, त्यालाही लपवायचे काही होतेच.

प्रेक्षकाला न्यायासनावर बसवण्याची रीत

हा परिणाम केवळ कथेतून साधलेला नाही. चित्रीकरणाची एकेक पायरी त्यासाठी आखलेली आहे.

पहिली पायरी न्यायाधीशाची. चौकशीच्या अंगणात वाळू पसरलेली आहे, मागे भिंत आहे आणि साक्षीदार कॅमेऱ्याकडे तोंड करून बसतो. न्यायाधीश एकदाही दिसत नाही, त्याचा आवाजही ऐकू येत नाही. साक्षीदार प्रश्न ऐकल्यासारखा थबकतो, तो प्रश्न स्वतःच्या तोंडाने उच्चारतो आणि मग उत्तर देतो. ज्या जागेवरून न्यायाधीशाने त्याच्याकडे पाहायचे, तिथे कॅमेरा आहे. आणि कॅमेऱ्याच्या जागी प्रेक्षक. निवाडा करण्याची जबाबदारी अशी न सांगता त्याच्यावर येते.

दुसरी पायरी भूतदृश्याची. घडून गेलेला प्रसंग पडद्यावर पुन्हा घडताना दाखवणे म्हणजे भूतदृश्य, ज्याला सर्रास ‘फ्लॅशबॅक’ म्हणतात. एखादे पात्र बोलू लागते, चित्र बदलते आणि मागचे सगळे डोळ्यांसमोर येते. असे दिसले की ‘हे असेच घडले’ असे मानायची प्रेक्षकाला सवय असते. कानांवर नसेल इतका त्याचा डोळ्यांवर विश्वास असतो. त्याच १९५० साली आल्फ्रेड हिचकॉक यांनी ‘स्टेज फ्राइट’मध्ये खोटे भूतदृश्य दाखवले, तेव्हा प्रेक्षकाची फसवणूक झाल्याची टीका त्यांच्यावर झाली. कुरोसावा यांनी एक नव्हे, चार भूतदृश्ये सारख्याच खरेपणाने दाखवली. ती एकमेकांना छेद देतात आणि दिग्दर्शक कोणत्याही एकावर खरेपणाचा शिक्का मारत नाही.

तिसरी पायरी प्रत्येक जबानीला वेगळा पोत देण्याची. ताजोमारूच्या सांगण्यातली झुंज दोन वीरांची आहे. पवित्रे नेमके, पावले ठाम. तीच झुंज लाकूडतोड्या सांगतो तेव्हा दोघांचे हात थरथरतात, धाप लागते, ते अडखळून पडतात, एकमेकांना टाळत सरपटतात. लढणारे नट तेच, रानही तेच. बदलली आहे ती सांगणाऱ्याची नजर. छायाचित्रकार काझुओ मियागावा यांनी आरसे लावून दाट झाडीत ऊन खेळवले आणि पानांतून थेट सूर्याकडे कॅमेरा रोखला. त्यामुळे सगळी घटना उन्हाच्या कवडशांत आणि सावल्यांत घडते, आणि काही दिसले न दिसले असे सतत वाटत राहते.

चौथी पायरी वेशीखालच्या तिघांची. ते जबान्या ऐकतात, वाद घालतात, गोंधळतात. प्रेक्षकाच्या मनातला गोंधळ पडद्यावरच कोणीतरी बोलून दाखवत असल्याने तो चित्रपटाबाहेर फेकला जात नाही.

चित्रीकरणापूर्वी कुरोसावा यांच्या सहायकांनाच पटकथा उलगडत नव्हती. दायेई या निर्मितीसंस्थेचे प्रमुख मासाइची नागाता यांनाही चित्रपट रुचला नव्हता. जपानमध्ये त्याची कदर झाली, पण ती बेताची. ‘किनेमा जुन्पो’ या मासिकाच्या १९५० सालच्या यादीत त्याला पाचवे स्थान मिळाले. इटलीच्या जुलियाना स्त्रामिजोली यांच्या आग्रहामुळे तो व्हेनिसच्या महोत्सवात पोहोचला. १९५१ मध्ये तिथे त्याला सुवर्णसिंह हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि पुढच्या वर्षी ऑस्करचा विशेष सन्मान. कोलकात्यात सत्यजित राय यांनी तो लागोपाठ तीन दिवस तीनदा पाहिला. मद्रासचा एक तरुण संगीतकार आणि दिग्दर्शकही तो पाहून झपाटून गेला.

माणसे वेगवेगळे का सांगतात?

त्या तरुणाकडे वळण्यापूर्वी मूळ कोड्याचा उलगडा करायला हवा. एकाच घटनेच्या जबान्या वेगळ्या होण्यामागे तीन कारणे असतात.

पहिले कारण उघड आहे: लबाडी. स्वतःला वाचवायला किंवा दुसऱ्याला अडकवायला माणूस खोटे बोलतो.

दुसरे कारण स्मृतीच्या घडणीत आहे. घडलेले सगळे मेंदूत जसेच्या तसे साठत नाही. ठळक खुणा तेवढ्या राहतात आणि आठवताना माणूस मधल्या रिकाम्या जागा आपल्या समजुतीने भरून काढतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात याचे प्रयोग आहेत. त्यांनी इंग्रज वाचकांना अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा वाचायला दिली आणि नंतर आठवून लिहायला सांगितली. अनोळखी गोष्टी गळल्या किंवा ओळखीच्या झाल्या: लाकूड कोरून केलेल्या होडीची साधी नाव झाली, सीलची शिकार जाऊन तिथे मासेमारी आली. लिहिणाऱ्यांनी काही मुद्दाम बदलले नव्हते.

प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला, यानेही आठवण बदलते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये मोटारींच्या टकरीची चित्रफीत लोकांना दाखवली आणि वेगाचा अंदाज विचारला. ‘एकमेकींवर आपटून चक्काचूर झाल्या’ अशा अर्थाचे क्रियापद वापरले तेव्हा सरासरी उत्तर ताशी सुमारे ४१ मैल आले. ‘धडकल्या’ असे विचारल्यावर सुमारे ३४. दुसऱ्या एका प्रयोगात आठवड्याने विचारले की फुटलेली काच दिसली होती का. चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती. तरी जोरदार शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांनी ‘हो’ म्हटले; सौम्य शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी.

तिसरे कारण सर्वांत खोल आहे आणि ‘राशोमोन’चा रोख त्यावरच आहे. माणूस स्वतःविषयीची गोष्ट स्वतःलाही बरी वाटेल अशीच सांगतो. आपण दुबळे होतो, भित्रे होतो, हे मनातल्या मनात मान्य करणेही त्याला जड जाते. पुन्हा पुन्हा सांगून तीच हकिकत त्याला खरी वाटू लागते.

न्यायव्यवस्थेला हे पूर्वीपासून ठाऊक आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात एखादी गोष्ट सिद्ध करायला अमुक इतके साक्षीदार हवेत, अशी अट नव्हती. साक्षी मोजायच्या नसतात, तोलायच्या असतात, हे त्यामागचे तत्त्व. साक्षीतला एखादा भाग खोटा निघाला तरी सगळी साक्ष फेकून न देता न्यायालये तिच्यातले सत्य निवडून घेतात. ‘राशोमोन’ची ताकद यात आहे की एरवी न्यायाधीशाने करायचे हे निवडण्याचे काम तो सामान्य प्रेक्षकापुढे ठेवतो.

मद्रासवरचे बॉम्ब आणि ‘अंद नाळ’

‘राशोमोन’ने झपाटलेला तो तरुण म्हणजे सुंदरम बालचंदर. त्यांचा जन्म १९२७ सालचा. त्यांचे अख्खे घर कलेत बुडालेले होते. ‘प्रभात’ने १९३४ साली ‘सीता कल्याणम्’ हा तमिळ बोलपट काढला. बाबूराव पेंढारकरांनी दिग्दर्शित केलेल्या त्या चित्रपटात बालचंदर यांचे वडील जनक होते, थोरले भाऊ एस. राजम राम होते आणि छोटा बालचंदरही पडद्यावर दिसला होता. मराठी स्टुडिओतून सिनेमात आलेला हा मुलगा पुढे वीणावादनासाठी ख्यातनाम झाला आणि १९८२ मध्ये पद्मभूषण ठरला.

‘राशोमोन’ पाहिल्यावर बालचंदर यांनी त्याच धर्तीवर एक नाटक लिहिले. आकाशवाणीने ते नाकारले. मग त्यांनी ती कथा एव्हीएमचे संस्थापक ए. व्ही. मेय्यप्पन यांना ऐकवली आणि चित्रपट ठरला. पटकथा जावर सीतारामन यांची, छायाचित्रण मारुती राव यांचे. गाणे नाही, नृत्य नाही, मारामारी नाही. तमिळमधला हा पहिला गाण्याविना चित्रपट.

कथेचा दिवस इतिहासातला आहे. ११ ऑक्टोबर १९४३ रोजी जपानी विमानाने मद्रासवर बॉम्ब टाकले. हानी किरकोळ होती, पण शहराच्या मनात १९४२ ची आठवण ताजी होती. त्या एप्रिलमध्ये जपानी हल्ल्याच्या धास्तीने लोक मद्रास सोडून खेड्यापाड्यांत पांगले होते, सरकारी कचेऱ्या हलवल्या गेल्या होत्या आणि पिंजरे फुटून हिंस्र जनावरे मोकळी सुटतील या भीतीने प्राणिसंग्रहालयातली श्वापदे गोळ्या घालून मारली गेली होती. चित्रपट पाहायला आलेल्या प्रौढांनी हे दिवस स्वतः काढले होते.

बॉम्बहल्ल्याच्या पार्श्वभूमीवर राजन हा रेडिओ इंजिनिअर स्वतःच्या घरात गोळी लागून मेलेला सापडतो. गुप्त पोलीस अधिकारी शिवानंदम, म्हणजे स्वतः जावर सीतारामन, चौकशीला येतो. पत्नी उषा, धाकटा भाऊ, भावजय, शेजारी आणि राजनशी संबंध असलेली एक नर्तकी हे संशयित. प्रत्येक जण बोलू लागला की भूतदृश्य सुरू होते आणि प्रत्येकाच्या सांगण्यातला राजन निराळा निघतो. प्रत्येकाचे बोट दुसऱ्याकडे वळते. शेवटी कळते की देशात आपल्या गुणांचे चीज झाले नाही या रागातून राजन जपान्यांना गुप्त माहिती विकत होता. देशभक्त विचारांच्या उषाने त्याला अडवण्याचा प्रयत्न केला आणि त्यातच तिच्या हातून गोळी सुटली. उषा पंढरीबाईंनी साकारली, राजन शिवाजी गणेशन यांनी. सांगण्याची तऱ्हा जपानकडून आली आणि गोष्ट जपानच्याच हल्ल्याची झाली. युद्धानंतरच्या दहा वर्षांत शत्रूदेशाची कला इथे किती मोकळ्या मनाने स्वीकारली जात होती, याचा हा पुरावा आहे.

दोन चित्रपट, दोन गाभे

‘अंद नाळ’ला ‘राशोमोन’ची नक्कल म्हणणे चुकीचे ठरेल. त्याचा सांगाडा अँथनी ॲस्क्विथ यांच्या ‘द वुमन इन क्वेश्चन’ या १९५० च्या ब्रिटिश चित्रपटाला अधिक जवळचा आहे. त्यात खून झालेल्या ज्योतिषिणीविषयी पाच जण बोलतात आणि प्रत्येकाला ती वेगळी बाई वाटलेली असते. खुनी मात्र शेवटी सापडतो.

हा फरक तंजावरच्या बाहुलीवरून चांगला समजतो. गोल बुडाची ही बाहुली कोणत्याही बाजूला ढकलली तरी डुलत डुलत पुन्हा सरळ उभी राहते, कारण तिच्या बुडाशी मातीचे वजन असते. ‘अंद नाळ’मध्ये असे वजन आहे. प्रत्येक जबानी कथेला एका बाजूला कलवते, पण तळाशी एक पक्के सत्य असल्याने अखेरीस कथा सरळ होते. ‘राशोमोन’मधून कुरोसावा यांनी ते वजनच काढून घेतले आहे, ढकलले की कथा त्या बाजूला कलंडते आणि तशीच राहते.

म्हणून ‘अंद नाळ’चा प्रेक्षक ‘कोणी मारले?’ असे विचारत बसतो आणि ‘राशोमोन’चा ‘कोणावर विश्वास ठेवू?’ असे विचारत बाहेर पडतो. ‘राशोमोन’मधली माणसे दोष स्वतःवर घेतात, ‘अंद नाळ’मधली दुसऱ्यावर ढकलतात, यामागेही हेच आहे. गुन्हेगार शोधायचा असेल तर संशय एकाकडून दुसऱ्याकडे फिरता ठेवावा लागतो. माणसाचा अहंकार दाखवायचा असेल तर कबुल्याच एकमेकींसमोर उभ्या कराव्या लागतात.

तरी ‘अंद नाळ’चा प्रेक्षकावरचा भार कमी नव्हता. नायक सुरुवातीलाच मेलेला. त्याचे खरे रूप तुकड्यातुकड्यांनी कळणार, आणि ते देशद्रोह्याचे निघणार.

तंजावरने घडवलेला श्रोता

आता प्रेक्षकाकडे वळावे. तमिळ बोलपटाला आपला श्रोता रंगभूमीने आणि कीर्तनाने तयार करून दिला होता, आणि त्या दोन्हींची एक मोठी पेठ तंजावर होती.

व्यंकोजीराजांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतल्यापासून १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांचे राज्य होते. शहाजीराजांनी (१६८४ ते १७१२) तेलुगू आणि मराठीत गेय नाटके लिहिली. रामदासी मठांबरोबर कीर्तन आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर कृष्ण भागवतर यांनी मराठी कीर्तनाचा बाज कर्नाटक संगीतात मिसळून हरिकथेला नवे रूप दिले. ओवी, अभंग, साकी, दिंडी ही वृत्ते त्यामुळेच तमिळ हरिकथेत रुळली. त्याच सुमारास तंजावरच्या मराठी समाजातल्या गोविंदसामी राव यांनी ‘मनमोहन नाटक कंपनी’ चालवली. तिचे प्रयोग मद्रासमध्येही होत. तिथेच पम्मल संबंद मुदलियार यांनी १८९१ मध्ये ‘सुगुण विलास सभा’ स्थापन केली. आधुनिक तमिळ रंगभूमीचा पाया म्हणून ती ओळखली जाते.

बोलपट आला तो याच वाटेने. १९३१ चा पहिला तमिळ बोलपट ‘कालिदास’ पन्नासच्या आसपास गाण्यांचा होता आणि त्याची नायिका टी. पी. राजलक्ष्मी तंजावरजवळच्या तिरुवैयारूची. तमिळ सिनेमाचे गाजलेले गायक-नायक एम. के. त्यागराज भागवतर तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या मायवरमचे. गीतकार पापनाशम शिवनही त्याच जिल्ह्यातले. या दोघांचा ‘हरिदास’ हा सुंदरराव नाडकर्णी दिग्दर्शित चित्रपट १९४४ च्या दिवाळीला लागला आणि मद्रासच्या ब्रॉडवे थिएटरात त्याने तीन दिवाळ्या पाहिल्या.

या परंपरेने श्रोत्याला दोन गोष्टींची सवय लावली होती. पहिली, सांगणारा एकच आणि त्याचा शब्द प्रमाण. कीर्तनकार एकटा राम होतो, रावण होतो, सीताही होतो; पण गोष्ट खरी की खोटी असा प्रश्न श्रोत्याला पडत नाही. दुसरी सवय गाण्याची. गाणे ही कथेतली विसाव्याची जागा असते. तिथे मागचे सगळे मनात मुरते, पात्राची भावना स्पष्ट होते आणि पुढच्या प्रसंगासाठी मन ताजे होते. थिएटरबाहेर गाण्यांची पुस्तके विकली जात आणि तबकड्यांतून गाणी घरोघर पोचत. गाण्यांच्या चित्रपटात उशिरा येऊन बसले तरी धागा सापडत असे.

‘अंद नाळ’ने दोन्ही काढून घेतले. एक विश्वासू सांगणारा जाऊन पाच अविश्वासू सांगणारे आले आणि विसाव्याच्या जागा नाहीशा झाल्या. पहिली दहा मिनिटे चुकली की पुढचे सगळे निसटते. प्रेक्षकाला वेळेवर खुर्चीत बसवण्यासाठी हिचकॉक यांनी १९६० मध्ये ‘सायको’ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचे नाही, असा नियम चित्रगृहांना घालून दिला होता. १९५४ च्या मद्रासमध्ये अशी तयारी कोणी करून दिली नव्हती.

शिवाजी गणेशन यांचा प्रश्न

नटाच्या प्रतिमेचाही इथे वाटा आहे. अण्णादुरै यांच्या नाटकात छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका गाजवल्यावर पेरियार यांनी व्ही. सी. गणेशन यांना ‘शिवाजी’ ही उपाधी दिली आणि तेच नाव कायमचे झाले. त्यांच्या घराण्याची मुळे तंजावर भागात. १९५२ च्या ‘पराशक्ती’तल्या घणाघाती संवादांनी ते एका रात्रीत लोकांचे झाले होते. लोकांना त्यांचे लांबलचक, तालबद्ध बोलणे ऐकायचे होते. ‘अंद नाळ’मध्ये ते इतरांच्या आठवणींत तेवढे दिसतात आणि शेवटी देशाचा घात करणारे ठरतात. आज ही भूमिका त्यांच्या धाडसाची खूण मानली जाते. त्या वेळी ती चाहत्यांना पचणे अवघड होते.

सवय बदलते तशी दाद बदलते

दुसऱ्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत ‘अंद नाळ’ला गुणवत्ता प्रमाणपत्र मिळाले. हळूहळू तमिळ सिनेमाच्या इतिहासात त्याचे स्थान पक्के झाले आणि २०१३ मध्ये सीएनएन-आयबीएन वाहिनीने केलेल्या शंभर श्रेष्ठ भारतीय चित्रपटांच्या यादीत तो होता. बालचंदर यांनी पुढे ‘बोम्मै’ (१९६४) आणि ‘नडु इरविल’ (१९७०) हे रहस्यपट काढले. ‘बोम्मै’मध्ये गाणी होती.

गाण्याविना चित्रपट हळूहळू अंगवळणी पडला. बालू महेंद्र यांचा ‘वीडु’ (१९८८) आणि गोविंद निहलानींच्या ‘द्रोहकाल’वरून केलेला ‘कुरुदिप्पुनल’ (१९९५) ही त्या वाटेवरची ठळक ठाणी. २०१९ च्या ‘कैदी’त एकही गाणे नाही आणि तो तुफान चालला. अनेक जबान्यांची रीतही रुजली. कमल हासन यांच्या ‘विरुमांडी’त (२००४) तुरुंगातले दोन कैदी एकच रक्तपात आपापल्या बाजूने सांगतात, तिथे इळैयाराजांची गाणी आहेत आणि प्रेक्षक दोन्ही हकिकती सहज पेलतो. कन्नडमध्ये ‘उळिदवरु कंडंते’ (२०१४) आणि हिंदीत ‘तलवार’ (२०१५) याच रीतीने रचलेले आहेत.

चित्रपट पाहणे हे शिकून येणारे कौशल्य आहे. सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायला जसे शिकावे लागते, तसे त्याला तपासायलाही. ‘अंद नाळ’ पडला तो त्याच्या प्रेक्षकाची समज कमी होती म्हणून नव्हे. हरिकथेतली बारीकशी हरकत टिपणारा तो श्रोता अतिशय तयार कानाचा होता. फक्त त्याची तयारी वेगळ्या कामासाठी झाली होती. नव्या कामाचा सराव त्याला ज्या चित्रपटांनी दिला, त्यांत पहिला मान ‘अंद नाळ’चा.

थोडक्यात

• ‘राशोमोन’ (१९५०): एका मृत्यूच्या चार हकिकती, खरी कोणती, हे अखेरपर्यंत ठरत नाही. व्हेनिसचा सुवर्णसिंह १९५१ मध्ये.

• जबान्या वेगळ्या होण्याची कारणे तीन: लबाडी, स्मृतीने भरलेल्या रिकाम्या जागा आणि स्वतःची प्रतिमा जपण्याची ओढ.

• ‘अंद नाळ’ (१९५४): एस. बालचंदर यांचा, गाण्याविना पहिला तमिळ चित्रपट. पार्श्वभूमी ११ ऑक्टोबर १९४३ च्या मद्रासवरील हल्ल्याची. यात खुनाचा उलगडा होतो.

• तो न चालण्याची कारणे: तंजावरच्या कीर्तन-नाटक परंपरेने एका विश्वासू सांगणाऱ्याची आणि गाण्याच्या विसाव्याची सवय लावलेली, शिवाय लोकप्रिय नट देशद्रोह्याच्या भूमिकेत.

• पुढच्या साठेक वर्षांत गाण्याविना चित्रपट आणि अनेक जबान्यांची कथा, दोन्ही दक्षिणेत रुळल्या.